बाळंतपणानंतरचं वजन आणि ऑपरेशनची तारीख: कोल्हापुरातलं एक प्रकरण

ऑगस्ट 2023. राजारामपुरीतल्या माझ्या आहारसल्ल्याच्या क्लिनिकमध्ये ती आली ती कडेवर सात महिन्यांची मुलगी घेऊन, पावसात अर्धी भिजलेली. बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, मला फक्त दोन आठवड्यांचा पातळ आहाराचा तक्ता लिहून द्या. ऑपरेशन ठरलंय. गणपतीच्या आधी केलं तर पन्नास हजार कमी लागणार आहेत."

वय 31, उंची 157 सेंटिमीटर, वजन 96 किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 39 च्या काठावर. एका पतसंस्थेत रोखपाल. एका शिबिरात तिची उंची-वजन मोजलं गेलं, तिथेच तिने वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी पंचवीस हजार रुपये आगाऊ भरले आणि स्लीव्हची, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढायची, तारीख घेतली. बाळ अंगावर पितंय का, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. पुढचं मूल हवंय का, हेही नाही. मी विचारलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "पितीय की. रात्रीत चार वेळा."

मी तक्ता दिला नाही. ऑपरेशनआधी यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून जो पातळ आहार देतात, तो दिवसाला साधारण आठशे ते हजार कॅलरींचा असतो. अंगावर पाजणाऱ्या बाईला सहा महिन्यांनंतरही रोज पाचशेच्या वर जास्तीच्या कॅलरी आणि जादा प्रथिनं लागतात. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींत हा आकडा 520 आहे. त्या आहारावर तिला चौदा दिवस ठेवायचं, मग ऑपरेशन, मग पुढचे काही आठवडे घोटघोट पाणी आणि पातळ पदार्थ. बाळाच्या दुधाचं काय होणार, हा प्रश्न त्या पंचवीस हजारांच्या पावतीवर कुठेच नव्हता.

हे प्रकरण मी तिच्या परवानगीने लिहितेय. नाव लिहीत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. लिहायचं कारण एकच. बाळंतपणानंतर वाढलेल्या वजनासाठी ऑपरेशनचा विचार करणाऱ्या बायका आता माझ्याकडे नेमाने येतात, आणि जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न "करू की नको" हा असतो. "कधी" हा प्रश्न फार उशिरा येतो. तिच्या बाबतीत सगळं त्या "कधी"वरच अवलंबून होतं.

वजन आलं कुठून

गरोदर राहण्याआधी ती 74 किलोची होती, बीएमआय 30. आपल्याकडे लठ्ठपणाची रेषा 25 वर धरतात, म्हणजे सुरुवातच रेषेच्या बरीच वर होती. या वजनाच्या बाईचं गरोदरपणात पाच ते नऊ किलो वाढणं पुरेसं मानतात. तिचं 19 किलो वाढलं. सहाव्या महिन्यात साखर वाढलेली सापडली आणि शेवटचे दोन महिने इन्शुलिन घ्यावं लागलं. सिझेरियन झालं. मुलगी पावणेचार किलोची.

बाळंतपणानंतर आठवड्याभरात वजन 86 वर आलं होतं. ते तिथून 96 वर गेलं, पुढच्या सात महिन्यांत. हे दहा किलो मला जास्त महत्त्वाचे वाटले, कारण "प्रेग्नन्सीचं वजन" असं म्हणताना लोक यांनाही त्याच गाठोड्यात बांधतात.

सवा महिना ती माहेरी होती, कागल तालुक्यात. आईने बाळंतविडा मनापासून केला. सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी अळिवाचा, संध्याकाळी परत डिंकाचा. खोबरं, खारीक, गूळ, तूप घातलेला पन्नास ग्रॅमचा एक डिंकाचा लाडू सव्वादोनशे ते अडीचशे कॅलरींचा होतो. वर घरच्या म्हशीचं दूध, साय न काढता, दिवसाला अर्धा लिटर. त्याच्या पाचशेच्या वर. जेवणात भातावर तूप, बाजरीची भाकरी, लसणीची चटणी. हे सगळं वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. शेतात राबून, अंगात रक्त नसताना बाळंत होणाऱ्या बाईसाठी हे खाणं ज्यांनी रचलं, त्यांना आपलं काम नेमकं ठाऊक होतं. अळिवात लोह आहे, डिंक-खोबऱ्यात ऊर्जा आहे, आणि चाळीस दिवस कोणीतरी आयतं ताट हातात देतंय याची किंमत कुठल्याच तक्त्यात मांडता येत नाही. पण हे खाणं चाळीस दिवसांसाठी आहे. ती सासरी मंगळवार पेठेत आली तेव्हा सासूने नव्याने लाडू वळले, कारण नातीचं कौतुक त्यांनाही करायचं होतं. लाडू सहावा महिना लागेपर्यंत चालले.

सासूबाई दुसऱ्या भेटीला बरोबर आल्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "बाळंतिणीनं खाल्लं नाही तर दूध कुठनं यायचं? आमच्या वक्ताला तर तीन म्हैने बाजेवर बसवून खायला घालत हुते." मी त्यांना मावशी म्हणते. त्यांच्याशी वाद घातला असता तर ते प्रकरण तिथेच संपलं असतं. मी त्यांना विचारलं, "मावशी, तुमच्या बाळंतपणात तुमचं वजन किती होतं?" त्या हसल्या. पंचेचाळीसही नसेल, म्हणाल्या. लाडू त्याच दिवशी थांबले नाहीत, पण तीनाचा एक झाला, आणि तो त्यांनी स्वतःहून केला.

लाडवांशिवाय आणखी एक खाणं होतं. ते तिसऱ्या भेटीत बाहेर आलं. रात्री अकराला बाळ उठायचं, मग दोनला, मग चारला. दर वेळी पाजून झालं की ती स्वयंपाकघरात जायची आणि अंधारातच काहीतरी खायची. फरसाण, बिस्किटं, कधी नुसता गूळ. "भूक नसते मॅडम. पण तेवढी दहा मिनिटं कोण मला हाक मारत नाही." कोल्हापूरच्या बायका "मी आलो, मी गेलो" असं बोलतात, बाहेरच्यांना त्याची गंमत वाटते. ती जेव्हा म्हणाली, "मी लई दमलो ओ मॅडम," तेव्हा खोलीत काही क्षण कोणीच बोललं नाही.

प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी एडिनबर्ग नावाची दहा प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे. तीसपैकी तेरा किंवा जास्त गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायलाच हवं. तिचे पंधरा आले. ज्या बाईच्या पोटाला टाके घालायची तारीख ठरली होती, तिची ही दहा मिनिटांची चौकशी सात महिन्यांत झाली नव्हती.

राहून गेलेल्या तपासण्या

गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईची बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन पुन्हा तपासणी करायची असते. तिची झाली नव्हती. जिथे बाळंतपण झालं तिथे "नंतर दाखवा" म्हणाले, नंतर ती माहेरी, माहेरून सासरी, मग बाळाचे डोस. बाळाच्या लसीकरणाचं कार्ड सगळं घर सांभाळतं, आईच्या साखरेचा कागद कुठल्या पिशवीत गेला ते कोणाला आठवत नाही. ज्यांना गरोदरपणात मधुमेह होतो त्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या सात ते दहा पट असतो. हे तिला पहिल्यांदा माझ्याकडून कळलं, याचं मला वाईट वाटलं.

मी तिला एका फिजिशियनकडे पाठवलं. उपाशीपोटी साखर 108, ग्लुकोजनंतर दोन तासांनी 162. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबऱ्यावर. एचबीए1सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज, 6.1 आलं, मात्र हिमोग्लोबिन 9.8 होतं, आणि लोहाच्या कमतरतेत एचबीए1सी खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. म्हणून आम्ही ग्लुकोजच्या तपासणीवरच भर ठेवला. बी12 कमी. थायरॉइडचं टीएसएच 9.8, म्हणजे थायरॉइड मंदावलेलं, आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं सापडलेली. बाळंतपणानंतर चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान थायरॉइड मंदावणं ही नेहमी दिसणारी गोष्ट आहे, आणि थकवा, केसगळती, उदासी हे सगळं "बाळंतपणाचंच" म्हणून त्यात झाकलं जातं. गोळी सुरू झाली. थायरॉइडमुळे तिचं सगळं वजन वाढलं होतं असं नाही, दोन-तीन किलोंपलीकडे त्याचा हात नसतो. पण ते दुरुस्त न करता भुलीच्या टेबलावर जाणं चूक ठरलं असतं.

तिची आई बेचाळिसाव्या वर्षी मधुमेही झाली. पायाच्या जखमेमुळे तिचं एक बोट काढावं लागलं आहे. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मुलीच्या झबल्याची नाडी सारखी बांधत-सोडत होती. शिबिरात पैसे भरायचं खरं कारण मला तेव्हा समजलं. नणंदेच्या लग्नातले फोटो, ऑफिसमधले टोमणे, अंगाला न होणारे ब्लाऊज, हे सगळं होतंच. पण त्याखाली आईचा पाय होता.

आगाऊ भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. नवरा दोनदा जाऊन आला, मग नाद सोडला.

अकरा महिने

पुढचं वर्षभर आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात नवल काही नाही. तिने काढून ठेवलेल्या दुधावर रात्रीचं एक पाजणं नवऱ्याने घ्यायला सुरुवात केली. या एका गोष्टीने जितका फरक पडला तितका माझ्या कुठल्याच तक्त्याने पडला नाही. दर दोन आठवड्यांनी समुपदेशन. सकाळी दोन अंडी किंवा मुगाची धिरडी, दुपारी भाकरी-उसळ, ताक, भात निम्मा. रविवारी मटण घरी असतंच. मी ते बंद केलं नाही. फक्त पांढऱ्या रश्श्याच्या तीन वाट्या हे प्रथिनांचं जेवण होत नाही, वाटीतले तुकडे होतात, एवढं पटवलं. फिजिओथेरपिस्टने पोटाचे विलग झालेले स्नायू तपासले, व्यायाम दिले. संध्याकाळी रंकाळ्यावर चालणं, आधी बाळाला घेऊन, मग बाळाला सासऱ्यांकडे ठेवून.

डिसेंबरला 91. मे 2024 मध्ये 88.5. नैराश्याचे गुण पाचवर. टीएसएच सुरळीत, हिमोग्लोबिन 11.6. मला आनंद झाला होता, आणि मी तो तिला बोलूनही दाखवला.

मग काटा थांबला. जून, जुलै, 89. ती सगळं करत होती. मी तिच्या वहीवर आणि तिच्या शब्दावर दोन्हीवर विश्वास ठेवते. उपाशीपोटी साखर 104, दोन तासांनी 151. सुधारणा होती, पण उंबरा ओलांडून ती मागे आली नव्हती. बीएमआय 36. रात्रीची जळजळ वाढलेली, घोरणं तसंच. झोपेची तपासणी केली तर मध्यम स्वरूपाचा स्लीप ॲप्निया निघाला, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबणं.

इथे माझी चूक कबूल करते. ऑपरेशन टळलं याचा मला व्यावसायिक अभिमान वाटत होता. आहारतज्ज्ञ म्हणून मी ऑपरेशनकडे स्वतःची हार म्हणून बघत होते, आणि जुलैत तिने "मॅडम, आता तरी ऑपरेशनचं बोलू या का?" असं विचारलं तेव्हा मी "अजून तीन महिने थांबू" म्हणाले. त्या तीन महिन्यांना वैद्यकीय आधार नव्हता. शरीर एकदा 96 किलोला सरावलं की कमी झालेल्या वजनाशी ते झगडतं: भूक वाढवतं, खर्च आवरतं. त्यात बाईचा आळस नसतो. हे मी दुसऱ्यांना शिकवते, आणि तिला मात्र नकळत तिची चिकाटी कमी पडतेय असं सुचवत होते. तिने त्यावर भांडण केलं नाही. पुढच्या भेटीला नवऱ्याला घेऊन आली, आणि मग मीच शहरातल्या एका सर्जनना फोन केला.

विम्याचं कोडं

सर्जनकडे जायच्या आधी विम्याची चौकशी झाली, आणि तिथे जे घडलं ते लिहिलंच पाहिजे.

आयआरडीएआय या विम्याच्या सरकारी नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार आरोग्य विम्यात लठ्ठपणाच्या ऑपरेशनचा खर्च काही अटींवरच मिळतो: वय अठरा किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त, किंवा 35 वा त्याहून जास्त असून आधीचे कमी त्रासाचे उपाय फसलेले आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असा गंभीर आजार. तिचा बीएमआय 36. ॲप्निया मध्यम, तीव्र नाही. साखर उंबऱ्यावर, मधुमेह नाही. एकही कप्पा भरत नव्हता.

एका एजंटाने नवऱ्याला सरळ सांगितलं, "वहिनींचं वजन अठ्ठ्याण्णवच्या वर जाऊ दे, मग क्लेम बसतोय." हिशेब बरोबर होता. 157 सेंटिमीटर उंचीला बीएमआय 40 व्हायला 98.6 किलो लागतात. म्हणजे जी बाई अकरा महिने घाम गाळून सात किलो उतरली, तिने ते सात आणि वर अडीच किलो पुन्हा चढवायचे, की मग तिला मदत मिळणार. वैद्यकीय नियम दरम्यान बदलले आहेत. 2022 मध्ये लठ्ठपणाच्या सर्जनांच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी 35 च्या वर सोबतचा आजार असो-नसो ऑपरेशनची शिफारस केली, आणि आशियाई लोकांसाठी ही रेषा 27.5 वर आणली, कारण आपल्याला कमी वजनातच मधुमेह गाठतो. भारतातल्या तज्ज्ञांनी 2009 मध्येच आजार असेल तर 32.5 ही रेषा धरली होती. विम्याचे कागद मात्र जुन्याच रेषेवर उभे आहेत. या अटी बदलायला हव्यात, असं मला ठामपणे वाटतं. आजार वाढेपर्यंत थांबायला लावणारा विमा बाईच्या तब्येतीच्या बाजूने नाही.

तिने वजन वाढवलं नाही. खर्च साडेतीन लाखांच्या घरात सांगितला होता. पतसंस्थेतून कर्मचारी म्हणून कर्ज, थोडं भिशीचं, थोडं सासऱ्यांचं.

कोणतं ऑपरेशन, आणि दुसरं बाळ

सर्जननी पहिला प्रश्न वजनाचा विचारला नाही. ते म्हणाले, "अजून एक मूल हवंय का तुम्हा दोघांना? आणि कधी?" नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागले. घरात सासू वर्षभर "आता पाठचं होऊ दे" म्हणत होती, पण दोघांनी आपसात हे कधी उघड बोललंच नव्हतं. ती म्हणाली हवंय. तो म्हणाला, तिची तब्येत आधी. सर्जननी त्यांना आठवडाभर घरी विचार करून यायला सांगितलं. मला हे फार आवडलं.

प्रश्न का महत्त्वाचा, ते असं. ऑपरेशननंतर वजन झपाट्याने उतरतं त्या काळात गर्भ राहू नये. किमान बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात. ती 32 ची झाली होती. आता ऑपरेशन केलं तर दुसरं बाळ चौतिशीच्या आसपास. आधी बाळ आणि मग ऑपरेशन म्हटलं, तर 36 बीएमआय घेऊन पुन्हा गरोदरपण, आणि ज्यांना एकदा गरोदरपणात मधुमेह झाला त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना तो पुन्हा होतो. स्वीडनमधल्या मोठ्या नोंदींवरचा 2015 चा एक अभ्यास सर्जननी त्यांना समजावून सांगितला: ऑपरेशन झालेल्या बायकांत गरोदरपणातला मधुमेह 1.9 टक्के, तितक्याच वजनाच्या पण ऑपरेशन न झालेल्यांत 6.8. पण त्याच अभ्यासात वाढीने लहान राहिलेली बाळं 7.6 टक्क्यांवरून 15.6 वर गेलेली. फायद्याचा आकडा सांगून तोट्याचा गिळला नाही, म्हणून त्यांच्यावर तिचा विश्वास बसला, असं ती मला नंतर म्हणाली.

दुसरा मुद्दा, कोणतं ऑपरेशन. शिबिरात तिला स्लीव्ह सांगितलं होतं. त्यात जठराचा जवळपास 75 ते 80 टक्के भाग काढून अरुंद नळीसारखा भाग ठेवतात. करायला तुलनेने सोपं, पण काहींची जळजळ त्याने वाढते. तिची दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा अन्ननलिकेला आतून व्रण आणि लहानसा हर्निया निघाला. म्हणजे ऑगस्ट 2023 मध्ये गणपतीच्या सवलतीत जे झालं असतं, ते तिच्यासाठी चुकीचं ऑपरेशन ठरलं असतं. आता बायपास सुचवलं गेलं: जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडायची. जळजळ कमी होते, साखरेवर परिणाम चांगला. बदल्यात लोह, बी12, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांचं शोषण कमी होतं आणि गोळ्या जन्मभर. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच 9.8 वर जाऊन आलंय, तिच्यासाठी ही अट लहान नाही.

आणि तांबी. बायपासनंतर पोटातून घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातील याची खात्री देता येत नाही, आणि वजन उतरायला लागलं की पाळी सुरळीत होऊन गर्भ राहण्याची शक्यता उलट वाढते. म्हणून ऑपरेशनच्या आधी तांबी बसवायची, असं स्त्रीरोगतज्ज्ञांनी ठरवलं. ही गोष्ट शिबिरात कुणीच काढली नव्हती.

वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांचा विचार तेव्हा झाला नाही. माउंजारो भारतात मार्च 2025 मध्ये आलं, वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये. आज ती आली असती तर तोही पर्याय टेबलावर असता, पण तिच्याच प्रश्नांसकट: अंगावर पाजताना ही इंजेक्शनं टाळतात, वेगोवीतलं औषध सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं, आणि थांबवल्यावर वजन परत चढायला लागतं.

घरी बैठक झाली ती मी ऐकलेली आहे, पाहिलेली नाही. सासूबाईंचा विरोध होता. "धडधाकट पोट कशाला फाडायचं? तालमीतली पोरं बघ की, घाम काढला की उतरतंय." त्यावर सासरे, जे फारसं बोलत नाहीत, म्हणाले, "तिनं वरीसभर घाम काढलाय. मी बघितलंय." तिच्या माहेरून आई आली होती, पायात खास चप्पल घालून. ती काही बोलली नाही म्हणे. तिला बोलायची गरज नसावी.

माझ्या क्लिनिकमध्ये सासूबाईंनी एकच विचारलं, "जिवाला धोका किती?" पहिल्या महिन्यात मृत्यूचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास, जोड गळण्यासारख्या गुंतागुंती शंभरात एखादी, असं मी सांगितलं. आणि हेही की मधुमेहालाही धोका आहे, तो फक्त हळू येतो. त्यांनी मान हलवली. होकार होता की नव्हता, मला कळलं नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये ऑपरेशन झालं. मुलगी तेव्हा बावीस महिन्यांची होती, अंगावरचं जूनमध्येच सुटलं होतं. ठिकाण शहरातलंच निवडलं, जरी पुण्याचा आग्रह झाला होता. ऑपरेशन एकदाच होतं, पण त्यानंतरची तपासणी आयुष्यभर चालते. महामार्गावर पाच तास घालवून कोणी बी12 चं इंजेक्शन घ्यायला जात नाही.

नंतरचं

पहिले दोन महिने कठीण गेले. पातळ, मग घोटलेलं, मग मऊ: मुगाचं कढण, ताक, नाचणीची आंबील, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी आणि अर्धा तास नंतर. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं गाठायची, तीही वाटीभर पोटात. मी तिला बजावलं होतं की उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर फोन न करता सरळ दवाखान्यात जायचं, कारण बी1 जीवनसत्त्व संपलं की मेंदूवर परिणाम होतो. ती वेळ आली नाही.

संक्रांतीच्या सुमारास माहेरच्या गुऱ्हाळावरून काकवी आली. तिने दोन चमचे पोळीला लावून खाल्ली. वीस मिनिटांत दरदरून घाम, छाती धडधडायला लागली, पोटात कळ. बायपासनंतर साखर एकदम आतड्यात उतरली की असं होतं, आणि ते तिला सांगितलेलं होतं. तरी कोल्हापूरच्या माणसाला गुळापासून तोडणं म्हणजे काय ते मला कळतं. मी तिला रागावले नाही. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळले. हेही अपेक्षित होतं, पण रोज सकाळी कंगव्यात दिसणारा गुंता अपेक्षित आहे म्हणून कमी दुखत नाही. सहाव्या महिन्यापासून ते थांबलं.

नोव्हेंबर 2025 मध्ये वजन 64 किलो. उपाशीपोटी साखर 88. झोपेची तपासणी सुरळीत. फेरिटिन 11, म्हणजे लोहाचा साठा पुन्हा तळाला, म्हणून शिरेतून लोह द्यावं लागलं. पोटाची कातडी लोंबते आणि तिला ते खटकतं. त्यावर आम्ही बोलतो, पण त्यासाठी आणखी एक ऑपरेशन तिला आत्ता नको आहे. पतसंस्थेचे हप्ते सुरू आहेत.

त्या भेटीला सासूबाई बरोबर होत्या. तांबी कधी काढायची ते विचारायला आल्या होत्या. मी म्हटलं मे 2026 च्या आधी नाही, आणि तेव्हाही फेरिटिन, बी12, फॉलिक ॲसिड बघूनच. मग त्यांनी पिशवीतून वही काढली. "मागल्या खेपेला कागद हरवला. आता मीच ठेवणार. सगळं लिहून द्या."

मी लिहून दिलं. गरोदरपणात दर तीन महिन्यांनी लोह, बी12, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व तपासायचं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर. साखरेसाठी ग्लुकोजचं पाणी द्यायचं नाही, कारण काकवीने झालं तेच होईल; त्याऐवजी सहाव्या महिन्यात आठवडाभर घरी बोटातून रक्त घेऊन साखर मोजायची. बाळाची वाढ सोनोग्राफीत जास्त वेळा बघायची. अंगावर पाजताना बी12 चुकवायचं नाही, नाहीतर बाळालाही कमी पडतं. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची साखर.

शेवटच्या ओळीखाली सासूबाईंनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि दोन रेघा ओढल्या. मग विचारलं, "आणि लाडू?"

"अळिवाचा, लिंबाएवढा, गूळ नावापुरता," मी म्हटलं. "दिवसाला एक. चाळीस दिवस."

तेही त्यांनी वहीत उतरवून घेतलं.